लहान गावातल्या स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स पथकात यायचंय? मग हे आधी वाचा

पथकात नवीन कुणी आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारते: आठवड्यातले कोणते चार तास तुम्ही नक्की देऊ शकाल? "कधीही बोलवा, मी येतो" असं सांगणारे बरेच जण दोन-तीन महिन्यांत दिसेनासे होतात. त्यांच्या मनात खोट नसते, पण "कधीही" हा वार कॅलेंडरवर नसतो. उलट "मंगळवारी दुपारी दोन ते सहा" असं म्हणणारा माणूस वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्याच्या जिवावर मंगळवारची दुपार निर्धास्त जाते.

लहान गावातल्या पथकाचं खरं दुखणं तिथेच आहे. गाडी असते, डिझेल भरलेलं असतं, ऑक्सिजन असतो, आणि गाडीवर जायला माणूस नसतो. त्यातही कामाच्या दिवसाची भर दुपार सगळ्यात अवघड, कारण स्वयंसेवक तेव्हा आपापल्या नोकरीवर असतात. म्हणून या लेखात उपचारांइतकंच हजेरीबद्दलही लिहिलं आहे. गाडीत न बसता पथक चालतं ठेवणाऱ्यांसाठीही शेवटी बराच मजकूर आहे. तो वगळू नका.

या कामाची मुळं साध्या माणसांतच आहेत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रोआनोक नावाचं शहर आहे. तिथे 1909 मध्ये ज्युलियन स्टॅनली वाइज या नऊ वर्षांच्या मुलाने नदीत होडी उलटून दोन माणसं बुडताना पाहिली. काठावर माणसं होती, पण वाचवायचं कसं हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तो मुलगा मोठा झाला, रेल्वेत नोकरीला लागला आणि 1928 मध्ये रेल्वेतल्याच सहकाऱ्यांना घेऊन त्याने स्वयंसेवी बचाव पथक उभं केलं. पुढे त्या धर्तीवर गावोगावी पथकं निघाली. काठावर उभ्या असलेल्यांची ती हतबलता ज्यांना सहन होत नाही, त्यांच्यासाठीच हे काम आहे.

अर्ज करण्याआधी चौकशी करा

अर्ज भरण्याच्या आधी एकदा पथकाच्या जागी जाऊन या. फोनवर विचारू नका, प्रत्यक्ष जा. गाडी बघू द्या म्हणा. आतून गाडी कशी ठेवली आहे यावरून पथकाची निम्मी ओळख होते.

मग विचारा: महिन्याला साधारण किती कॉल येतात? त्यातले किती वेळा गाडी निघू शकत नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जे पथक सरळ देतं, ते पथक चांगलं. उपचारांची पद्धत ठरवून देणारे डॉक्टर कोण आहेत, हेही विचारा. पथकामागे जबाबदार डॉक्टर आणि लेखी कार्यपद्धती नसेल, तर अडचणीच्या वेळी तुम्ही एकटे पडाल. स्वयंसेवकांचा अपघात विमा आहे का, गाडीच्या विम्यात तुमच्यासारखा चालक बसतो का, प्रशिक्षणाचा खर्च कोण करतं, पाळी किती तासांची, पाळीत जागेवर थांबावं लागतं की घरून निघालं तर चालतं, हे सगळं आधीच कळलेलं बरं.

मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण किती, हे प्रत्येक देशात वेगळं असतं. रस्त्यात सापडलेल्या जखमीला मदत करणारा वाटसरू आणि पथकाचा गणवेश घालून आलेला स्वयंसेवक यांना कायदा बऱ्याचदा एकाच मापाने मोजत नाही. तुमच्याकडचा नियम पथकाकडून लेखी मागून घ्या.

आणि घरच्यांशी बोला. रात्री अडीचला फोन वाजतो तेव्हा झोप फक्त तुमची मोडत नाही.

कागदपत्रं, तपासणी, लस

हा भाग कंटाळवाणा असला तरी लवकर उरकतो. ओळखपत्र, पूर्वचारित्र्याची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, गाडी चालवणार असाल तर परवाना. बहुतेक ठिकाणी वयाची अट 18 पूर्ण अशी असते. काही पथकं त्याहून लहान मुलांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात, पण पेशंटजवळचं काम देत नाहीत.

हिपॅटायटिस बीची लस मात्र चुकवू नका. तिचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून पुरेसं संरक्षण तयार झालं का ते पाहता येतं. सहा महिने म्हणजे बराच काळ, म्हणून अर्ज केला त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या.

प्रशिक्षण: काय शिकाल, आणि कुठे थांबाल

सुरुवात प्रथमोपचार आणि सीपीआरपासून होते. सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर दाब देणं आणि तोंडाने श्वास देणं. सीपीआरचे आकडे पाठ हवेत. मोठ्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. 30 दाबांनंतर 2 श्वास. दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलायचा. ही शेवटची गोष्ट नवीन मंडळींना पटत नाही, "मी दमलो नाही" असं ते म्हणतात. पण हात थकले की खोली कमी होत जाते आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून दमलात की नाही हे न विचारता बदलायचं.

सराव पुतळ्यावर होतो. 1960 मध्ये छातीवर दाब देण्याची पद्धत नव्याने पुढे आली, त्याच वर्षी नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने सरावासाठी पहिला पुतळा तयार केला. तेव्हापासून कोट्यवधी लोक पुतळ्यावर शिकले. तुम्हीही लाजू नका, पहिल्याच दिवशी गुडघे टेकून बसा आणि घाम येईपर्यंत दाबा. खुर्चीत बसून बघत राहिलं तर पुतळा काही शिकवत नाही.

हृदयाची लय बिघडून ते रक्त ढकलेनासं झालं की विजेचा झटका देऊन ती लय परत आणायचा प्रयत्न करणारं यंत्र म्हणजे एईडी. 1966 मध्ये बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हे तंत्र पहिल्यांदा ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं, तेव्हा ते गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि त्याचं वजन सुमारे 70 किलो होतं. आज ते एका हातात मावतं आणि काय करायचं ते स्वतः बोलून सांगतं. हृदय अचानक थांबलेल्या माणसाला सीपीआर आणि झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. लहान गावात गाडी पोहोचायला आठ-दहा मिनिटं लागली तर हिशोब तुम्हीच करा. म्हणूनच पथकाने स्वतः शिकून भागत नाही. गावाला सीपीआर शिकवणं हेही पथकाचंच काम आहे.

पुढे रक्तस्राव थांबवणं, मोडलेलं हाड स्थिर करणं, श्वासमार्ग मोकळा ठेवणं, बाळंतपण, भाजणं, विषबाधा असं एकेक येत जातं. अमेरिकेत ईएमटीचा, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर प्राथमिक उपचार करणाऱ्याचा, पायाभूत अभ्यासक्रम 150 तासांच्या घरात जातो. इतर देशांत नावं आणि तास वेगळे असतील, पण कामाचं स्वरूप तेच.

एक गोष्ट नवशिक्यांना मी पुन्हा पुन्हा सांगते. जे शिकवलं नाही आणि ज्याची तुम्हाला परवानगी नाही, ते करायचं नाही. समोर माणूस तडफडत असतो, नातेवाईक म्हणत असतात "काहीतरी करा ना", आणि आपण कुठेतरी वाचलेलं काहीतरी आठवतं. अशा वेळी हात आवरायला धैर्य लागतं. जे येतं ते नीट करा आणि गाडी हलवा.

पहिले काही महिने: बघा, वाचा, तपासा

सुरुवातीला तुम्हाला अनुभवी माणसाच्या हाताखाली तिसरा गडी म्हणून पाठवतील. या काळात तुमच्याकडून उपचारांची अपेक्षा नसते. स्ट्रेचर धरा, बॅग उघडा, दार धरा, वेळ लिहा. ही कामं हलकी वाटून नाराज होऊ नका. वेळ लिहिणारा माणूस चुकला तर पुढे डॉक्टर चुकतात.

याच काळात गाडी पाठ करायची. डोळे मिटून विचारलं तरी मोठ्या माणसाचा मास्क कुठल्या खणात आणि लहान मुलाचा कुठल्या, हे सांगता आलं पाहिजे. आमच्याकडे रात्रीच्या पाळीला येणारा प्रत्येक जण आधी तपासणी-वही घेऊन गाडीत चढतो. वहीत पन्नासेक ओळी आहेत: टायर, डिझेल, सायरन, दिवे, स्ट्रेचरचं लॉक, तोंडातली उलटी-लाळ ओढून काढणारं सक्शन मशीन, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग, एईडीचे छातीवर चिकटवायचे पॅड आणि त्यांची मुदत, हातमोजे, पट्ट्या, मान स्थिर ठेवणारी सर्व्हायकल कॉलर, मोडलेलं हाड बांधायच्या फळ्या (स्प्लिंट), चादरी.

एकदा एका घरात पेशंटच्या तोंडात उलटी अडकली होती. सक्शन मशीनचं बटण दाबलं, मशीन घरघरलं आणि बंद पडलं. बॅटरी संपलेली होती. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं, जे दिसत होतं ते हाताने काढलं आणि श्वास मोकळा झाला. परत आल्यावर वही उघडली तर तीन दिवस लागोपाठ मशीनपुढे "ठीक" लिहिलेलं. तिन्ही दिवस मशीन जागेवर होतं, सगळ्यांनी ते पाहिलंही होतं. चालू करून कुणी बघितलं नव्हतं, आणि त्यातली एक सही माझी होती. तेव्हापासून वहीत "आहे" आणि "चालतं" असे दोन वेगळे रकाने आहेत. तुमच्या पथकात एकच रकाना असेल तर दुसरा आखायला सांगा.

ऑक्सिजनचा हिशोबही याच काळात शिकून घ्या. सिलिंडरची क्षमता लिटरमध्ये आणि काट्यावरचा दाब बार या एककात घ्या, दोन्हींचा गुणाकार केला की आत किती लिटर ऑक्सिजन आहे ते ढोबळमानाने कळतं. 2 लिटरचा सिलिंडर 150 बारला भरलेला असेल तर 300 लिटर. मिनिटाला 10 लिटर दिला तर अर्धा तास. तोच काटा 50 वर असेल तर जेमतेम दहा मिनिटं. आता तुमचं मोठं रुग्णालय पंचवीस मिनिटांवर असेल, तर 50 वर काटा असताना "आहे थोडा" म्हणून निघता येईल का? सिलिंडरच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका, दाबाखालच्या ऑक्सिजनजवळ ते पेट घेतं. आणि सिलिंडर कधीही मोकळा उभा ठेवू नका.

कॉल आल्यावर

पत्ता नीट ऐका आणि परत म्हणून दाखवा. लहान गावात "अहो, तेच ते, वळणावरचं घर" असं सांगितलं जातं आणि दोन वळणं असतात.

पोहोचल्यावर दाराशी दोन क्षण थांबा. विजेची तार पडलीय का, गॅसचा वास येतोय का, रस्त्यावरची वाहनं थांबलीत का, घरात कुणी हातात काही घेऊन उभं आहे का. स्वयंसेवक जखमी झाला तर एका पेशंटचे दोन होतात आणि मदत करणारा एक कमी होतो. हातमोजे घालूनच आत शिरा, आणि तेच मोजे घातलेल्या हाताने खिशातला फोन काढू नका.

मग बोला. "काका, मी पथकातून आलेय. तुम्हाला मदत करायला आलोय आम्ही. कुठे दुखतंय?" पेशंट शुद्धीवर असेल तर हात लावण्याआधी विचारायचं. खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलायचं. घाबरलेल्या माणसाला उभ्या गणवेशाची भीती वाटते.

माहिती काढायची ती ठरलेल्या क्रमाने: काय होतंय, कशाची ॲलर्जी आहे, कोणती औषधं चालू आहेत, आधीचे आजार, शेवटचं कधी खाल्लं, आणि हे सुरू व्हायच्या आधी काय करत होते. औषधांची नावं नातेवाइकांना आठवत नाहीत. विचारत बसण्यापेक्षा औषधांची पिशवीच सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी आहे की नाही, हे त्या पिशवीतून कळेल.

पक्षाघाताचा संशय असेल तर चेहरा वाकडा झालाय का, दोन्ही हात वर राहतात का, बोलणं अडखळतंय का, हे बघा आणि वेळ लिहा. इथे नवीन लोक हमखास चुकतात. "सकाळी सातला खाली पडलेले सापडले" ही वेळ डॉक्टरांच्या कामाची नसते. शेवटचं नीट कधी पाहिलं, ते त्यांना हवं असतं. रात्री दहाला बोलून झोपले असतील तर घड्याळ रात्री दहाला सुरू होतं. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात, त्यामुळे तुमच्या एका ओळीवर पुढचा निर्णय ठरू शकतो.

हातापायातून भळाभळा रक्त वाहत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला घट्ट आवळायचा पट्टा, जखमेच्या वर 5 ते 7 सेंटिमीटरवर बांधा, सांध्यावर नको. बांधल्याची वेळ ठळक लिहा आणि तो सोडवायचं काम रुग्णालयावर सोपवा.

रुग्णालयात सोपवताना कहाणी सांगत बसू नका. चार गोष्टी: काय झालं, कधी झालं, तुम्हाला काय दिसलं, तुम्ही काय केलं. नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजनची पातळी हे आकडे वेळेसकट. अर्ध्या मिनिटात हे सांगता आलं पाहिजे. घरी आरशापुढे उभं राहून याचा सराव करा, खरंच उपयोग होतो.

उचलण्याबद्दल थोडं जास्त

कारण स्वयंसेवक सर्वात जास्त दुखावतात ते इथेच. पाठ गेली की पथकही सुटतं आणि घरचं कामही. वजन शरीराजवळ घ्या, गुडघ्यांत वाका, पाठ सरळ ठेवा आणि उचललेलं असताना कमरेतून पिळू नका. पाय आधी वळवा, मग अंग. जड वाटलं तर आणखी माणसं बोलवा. अशा वेळी थांबून मदत मागणाऱ्याला आमच्याकडे कुणीही नावं ठेवत नाही.

डोक्याकडचा माणूस आज्ञा देतो, बाकीचे ऐकतात. "तीन म्हटल्यावर" म्हणजे तीनला की तीननंतर, हे आधी ठरवायचं. हसण्यावारी नेऊ नका. अरुंद जिन्यात खुर्ची-स्ट्रेचर घेऊन उतरताना एकाने तीनला उचललं आणि दुसऱ्याने तीननंतर, की पेशंट एका बाजूला कलतो आणि घाबरून कठडा धरतो. म्हणून निघण्याआधी पेशंटलाही सांगा: "आजी, हात छातीशी घट्ट घ्या, काहीही झालं तरी कठडा धरायचा नाही, आम्ही धरलंय तुम्हाला."

अशाच एका जिन्यावर एक आजी सारख्या मान वळवून मागे बघत होत्या. मला वाटलं दुखतंय. विचारलं तर म्हणाल्या, "दार उघडंच राहिलंय गं." आमच्यातला एक जण वर गेला, गॅस बघितला, दिवा घालवला, कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या हातात आणून दिली. किल्ली मुठीत आल्यावर त्यांचा श्वास आपोआप संथ झाला. हे कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नव्हतं. तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या माणसाला नेताना कुलूप आणि किल्ली हे माझ्या कामाच्या यादीत आहे.

चालकाची जागा

गाडी चालवायला मिळेल म्हणून येणारे तरुण बरेच असतात. त्यांना पहिल्यांदा मागे झोपवून गावातून एक फेरी मारावी. स्ट्रेचरवर पट्टे बांधून पडलं की प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक वळण मणक्यात कळतं. सायरन लावून वेगाने गेल्याने वाचणारा वेळ बहुधा काही मिनिटांचाच असतो आणि अपघाताचा धोका मात्र चांगलाच वाढतो. चौकात सायरन चालू असला तरी वेग कमी करायचा, समोरच्याने काच बंद करून गाणी लावलेली असू शकतात. मागे बसलेल्या प्रत्येकाने शक्य तेव्हा पट्टा बांधायचा. स्ट्रेचरचं लॉक हाताने ओढून बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

ओळखीच्या गावात काम करताना

मोठ्या शहरात पेशंट अनोळखी असतो. लहान गावात तो तुमचा शिक्षक असतो, शेजारी असतो, ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो चुलतभाऊ असतो. हा या कामाचा सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि प्रशिक्षणात याला अर्धा तासही मिळत नाही.

त्या घरात तुम्ही जे पाहता ते तुमचं नसतं. कुणी दारू प्यायलं होतं, कुणी गोळ्या खाल्ल्या, कुणाच्या अंगावर वळ होते, कुणाचं घर किती अस्ताव्यस्त होतं, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी लोक विचारणारच: "काल रात्री गाडी कुणाकडे गेली होती?" याला एक ठरलेलं उत्तर तयार ठेवा. मी म्हणते, "आम्ही ते सांगत नाही." हसून, पण दरवेळी तेच. "काही विशेष नाही" असं कधीही म्हणू नका, कारण एखाद्या दिवशी तसं म्हणता येत नाही आणि मग लोकांना उत्तर मिळतं. फोटो काढायचे नाहीत, नाव न लिहिताही काही टाकायचं नाही. लहान गावात वार आणि वेळ सांगितली की नाव सांगितल्यासारखंच असतं. ही शिस्त सुटली तर लोक गाडी बोलवायला कचरतात, आणि त्याची किंमत एखाद्याच्या जिवाने मोजावी लागते. मूल किंवा बाईमाणूस मारहाणीचं बळी असल्याचा संशय आला, तर मात्र गप्प बसायचं नसतं. गावात न बोलता ते रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि पथकाच्या नियमाप्रमाणे संबंधितांना सांगायचं.

आपल्याच घरच्या माणसाचा कॉल आला तर शक्य असेल तिथे दुसऱ्याकडे सोपवा. शक्य नसेल तर मोठ्याने सांगा, "हे माझे वडील आहेत, निर्णय तू घे." सोबतच्याला ते कळलेलं असणं गरजेचं आहे.

जे बघितलं ते घरी येतं

काही कॉल सोबत येतात. लहान मुलाचा मृत्यू, ओळखीच्या माणसाला वाचवता न येणं, अपघातातला एखादा आवाज. त्यानंतर काही दिवस झोप नीट न लागणं, तेच चित्र पुन्हा दिसणं हे बऱ्याच जणांना होतं. त्या रात्री सोबत असलेल्यांनी एकमेकांना एकटं सोडू नये. बोलावंसं वाटलं तर बोलावं, पण कुणालाही "सगळं सांग, मोकळा हो" असा आग्रह धरू नये. जबरदस्तीने उकरून काढल्याने माणूस बरा होतोच असं नाही. पुढची एखादी पाळी सोडायची मुभा न मागता द्यावी. महिना उलटला तरी झोप, चिडचिड, टाळाटाळ तशीच राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, जसं पाठ दुखली की डॉक्टरांकडे जातो तसं. ज्या पथकात अनुभवी लोक हे उघडपणे सांगतात तिथे नवीन लोक टिकतात.

गाडीत बसायचं नसेल तर

रक्त बघवत नाही, गुडघे दुखतात, रात्री घर सोडता येत नाही, तरी तुम्ही पथकाचे होऊ शकता. खरं तर अशी माणसं कमी पडतात म्हणूनच गाडीवरची माणसं दमतात.

पाळ्यांचं रोस्टर भरणं हे एक पूर्ण काम आहे. दर आठवड्याला पंचवीस-तीस फोन, रिकाम्या जागा शोधणं, आयत्या वेळी आजारी पडलेल्याच्या जागी कुणीतरी उभं करणं. हे काम करणारी व्यक्ती चांगली असेल तर पथक चालतं. दुसरं काम साठ्याचं: हातमोजे, पट्ट्या, एईडीचे पॅड यांच्या मुदती पाहणं आणि लवकर संपणारं पुढे ठेवणं. तिसरं हिशोबाचं. पथकाचं खातं वेगळं हवं, पैसे काढायला दोन सह्या हव्यात, प्रत्येक देणगीला पावती हवी आणि वर्षाचा हिशोब गावापुढे मांडलेला हवा. तुम्हाला हिशोब येत असेल तर महिन्याची एक संध्याकाळ द्या. गाडी धुणं, निर्जंतुक करणं हेही कुणीतरी शिकून करू शकतं. जंतुनाशक लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे, लगेच पुसलं तर काम झालेलं नसतं.

देणगी द्यायची असेल तर आधी विचारा. नव्या गाडीसाठी पैसे गोळा होतात, कारण गाडीवर नाव लिहिता येतं. टायर, विमा, डिझेल, बॅटरी, प्रशिक्षणाची फी यांसाठी होत नाहीत, आणि गाडी बंद पडते ती याच गोष्टींअभावी. दरमहा ठरलेली छोटी रक्कम ही वर्षातून एकदा दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा पथकाला जास्त उपयोगी पडते, कारण तिच्यावर खर्च आखता येतो. घरात उरलेली औषधं मात्र देऊ नका. ती वापरता येत नाहीत.

तुम्ही कुणाला नोकरीवर ठेवलं असेल तर फार मोठी मदत तुमच्या हातात आहे. पथकातल्या एका कर्मचाऱ्याला आठवड्यातून एक दुपार कॉल आला तर जायची परवानगी द्या, पगार न कापता. आधी म्हटलेली ती अवघड दुपार अशीच भरते.

आणि काहीच जमत नसेल तर घराचा क्रमांक रस्त्यावरून, रात्री, गाडीच्या दिव्यात वाचता येईल असा लावा. घरातल्या प्रत्येकाची औषधं आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून दाराजवळ ठेवा. गाडी बोलावली की फाटक उघडा, बाहेरचा दिवा लावा, कुत्रा बांधा आणि एकाला रस्त्याच्या तोंडाशी उभं करा. अंधारात हात हलवणारा एक माणूस दिसला की आमची दोन-तीन मिनिटं वाचतात.

कधी थांबावं लागलं तर

गाव बदलतं, मूल होतं, आईवडील आजारी पडतात. पथक सोडणं यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही, पण गुपचूप येणं बंद करू नका. गणवेश, ओळखपत्र, किल्ली परत करा, तुमच्याकडे असलेल्या नोंदी कुणाच्या तरी हातात द्या. आणि रोस्टरमधल्या तुमच्या मंगळवारच्या दुपारीवर रेघ मारण्याआधी शेजारी दुसरं नाव लिहिलं गेलेलं असू द्या. ते नाव शोधायला, शिकवायला आणि दोन-चार कॉलवर सोबत न्यायला आम्हाला साधारण तीन महिने लागतात, म्हणून तेवढं आधी सांगा.